डाव्या बाजूचा आवाज

"हातातलं ठेव मालन, आणि चल," दुकानाच्या पायरीवर उभ्या राहूनच कौसाकाकू म्हणाल्या.

माझ्या हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न होतं. समोर एका मास्तरांचा टेपरेकॉर्डर पोट उघडून पडला होता. असल्या वेळी कुणी 'ठेव आणि चल' म्हटलं की माझं डोकं फिरायचं, आणि तेव्हाही फिरलंच होतं. पण काकूंच्या पायांकडं लक्ष गेलं आणि गप्प बसले. एप्रिलच्या उन्हात बाई अर्धी बार्शी तुडवत आली होती आणि दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या.

"कुठं यायचं?"

"आमच्या घरी. तो सेट बघायला."

"काकू, सेट मी दोनदा बघितलाय. दोन्ही वेळेला दिवसभर वाजवला. एकदा तरी आवाज गेला का? नाही गेला. सेटला काही झालेलं नाही."

"हेच," काकू म्हणाल्या. "हेच तू आमच्या ह्यांना सांगितलंस आणि ह्यांनी दुरुस्तीला पेट्या घ्यायच्या बंद केल्या. सेट चांगला आहे म्हणजे आपला कानच गेला, असं धरून बसलेत. उद्या सकाळी लातूरचा तो पेट्यांचं काम करणारा बबन टेम्पो घेऊन येतोय. कानशी, भाते, सुरांच्या पात्यांचे डबे, सगळं त्याला देऊन टाकणार आहेत. आता तरी चलतेस का?"

मी आयर्नची पिन काढली.

ह्याला आता तीसेक वर्षं होऊन गेली. आमचं दुकान वडिलांचं, म्हणजे दादांचं, क्षीरसागर रेडिओ. दादांची नजर अधू झाली तेव्हा भावांना त्यात रस नव्हता, मला होता, म्हणून मी बसले. सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं आणि विचारायचं, "मालक कुठं गेलेत?" मी म्हणायची, "मालक तुमच्याशीच बोलतायत." हळूहळू गावाला सवय झाली. सवय कसली, लोक तुझ्या तोंडाला भ्यायला लागलेत, असं दादा म्हणायचे.

कौसाकाकूंचे यजमान रंगनाथअण्णा पांचाळ पेट्यांचं काम करायचे. पेटी म्हणजे हार्मोनियम. आसपासच्या खेड्यांतल्या भजनी मंडळांच्या पेट्या बेसूर झाल्या की एसटीच्या टपावरून अण्णांकडं यायच्या. पेटीत एकेका स्वराला पितळेच्या दोन पात्या असतात. दोन्ही बरोबर जुळल्या तर आवाज सरळ येतो, नाहीतर त्यात बारीक लाट उठते. ती लाट जाईपर्यंत पाती कानशीनं घासायची, आणि केसभर जास्त घासली की पाती वाया गेली. हे सगळं अण्णा कानावर करायचे. चाळीस वर्षं करत आले होते.

दुपारी जेवण झालं की ते माडीवर जायचे आणि त्यांच्या गुरूंनी वाजवलेल्या पेटीची एक जुनी कॅसेट ऐकत बसायचे. दिवसभर चुकीचे सूर ऐकून कान मळतो, तो धुवायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठीच जावयानं मुंबईहून जुना जपानी सेट आणून दिला होता. ॲम्प्लिफायर, डेक आणि कमरेएवढे दोन स्पीकर. बार्शीत तेव्हा तसला दुसरा नव्हता.

दिवाळीनंतर त्या सेटच्या डाव्या बाजूचा आवाज मधेच जायला लागला. जायचा आणि आपला आपणच यायचा. अण्णांनी सेट हातगाडीवर घालून माझ्याकडं पाठवला, मी वाजवून बघितला, चोख वाजला. परत पाठवला. महिन्याभरानं पुन्हा आला, पुन्हा चोख. "अण्णांना सांगा, ह्यात खोट नाही," असं गाडीवाल्यापाशी मीच निरोप दिला होता. आता काकूंच्या मागून उन्हातनं जाताना तो निरोप मला काही सुचू देईना.

"तुम्हाला स्वतःला कधी आवाज गेलेला ऐकू आला का?" मी विचारलं.

"कधीच नाही. हे वरून हाक मारतात, कौसल्या, वर ये, बघ गेला. मी जिना चढून जाते तर दोन्हीकडनं छान वाजत असतं. मी म्हणते, वाजतंय की. मग हे माझ्याकडं अशा नजरेनं बघतात की मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं. आता हाक मारायचंसुद्धा बंद केलंय."

"डॉक्टरला दाखवलं?"

"सोलापूरला चला म्हणून मी पाया पडले. म्हणाले, डॉक्टर काय सांगणार, वय झालं म्हणणार, ते मला फुकट कळतं."

खाली अण्णांचं दुकान, मागं स्वयंपाकघर आणि वर लाकडी फळ्यांची, पत्र्याच्या छपराची माडी, एवढंच त्यांचं घर. दुकानात शिरलो तर अण्णा भिंतीवरच्या कानशी उतरवून फडक्यात बांधत होते. लहानमोठ्या कानशींच्या जागी भिंतीवर नुसते त्यांचे आकार उरले होते. कोपऱ्यात एक पेटी पडून होती.

"ये मालन," अण्णा म्हणाले. "हिनं आणली ना तुला? उन्हाचा उगाच त्रास दिला. सेट चांगला आहे. बिघाड माझ्यात आहे."

"ते मी बघते ना. बिघाड कुठं आहे ते शोधायचंच काम आहे माझं."

"माणसातला पण शोधतेस?"

"आधी सेटमधला शोधते. नाही सापडला तर तुमचं झाकण उघडते."

काकू दचकल्या. अण्णा मात्र हसले. फार दिवसांनी हसले असावेत, कारण काकू त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिल्या.

माडीवर भट्टी पेटल्यासारखा उकाडा होता. काकूंनी लगबगीनं सेटवरचं कव्हर काढून, घडी करून खाटेवर ठेवलं. त्यांच्या हातचंच होतं, लाल-पिवळ्या दोऱ्याचं, खाली झालर लावलेलं. बार्शीत तेव्हा ज्या घरी टीव्ही त्या घरी टीव्हीला कव्हर, ज्या घरी मिक्सर तिथं मिक्सरला. आणि पाहुणा आला की ते काढायचं, म्हणजे वस्तू दिसते. मी बसून ॲम्प्लिफायर उघडला, सगळ्या वायरी हलवून बघितल्या, बटणं फिरवून बघितली, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं इकडंतिकडं ठोकलं. कॅसेट लावली. दोन्ही स्पीकर सनईचौघड्यासारखे वाजत होते. एक बाजू संपली, दुसरी लावली. घामानं माझा ब्लाऊज पाठीला चिकटला. आवाज काही जाईना.

"बघ," अण्णा म्हणाले. खुर्चीत बसून ते इतका वेळ माझ्याकडं बघत होते. "तू असलीस की जात नाही. ही असली की जात नाही. मी एकटा असलो की जातो. मग तूच सांग."

"तुम्ही उठून डाव्या स्पीकरला कान लावून का नाही बघितलंत?"

"बघितला की. नाही कसा बघणार? आवाज गेला की उठायचो, चार पावलं टाकून तिथं जायचो, तर वाजतच असायचा. मग परत येऊन बसायचो. काही वेळानं पुन्हा जायचा." ते थांबले. "कान पूर्ण गेला असता तर एका कानावर भागवलं असतं मी. पण हा कधी आहे, कधी नाही. परवा एका पेटीचा पंचम लावला, वाटलं लाट गेली. मग वाटलं, लाट गेली का माझा कान गेला? पुन्हा घासला. पुन्हा तेच. शेवटी पाती फुकट गेली. असल्या कानानं लोकांच्या पेट्या बिघडवू का मी?"

दादा म्हणायचे, येणारा-जाणारा बिघाड वर्गातल्या व्रात्य पोरासारखा असतो. मास्तर आत आले की हाताची घडी, मास्तर वळले की सुरू. त्याला पकडायचं तर मास्तरांनी दिसायचं नाही.

"अण्णा," मी म्हटलं, "रोज तुम्ही कसं ऐकता, मला करून दाखवा. खिडकी उघडी असते का बंद, खुर्ची कुठं असते, सगळं तसंच. मी इथं नाहीच असं समजा. काकू, तुम्ही पण रोज करता तेच करा आणि खाली जा. हाक मारली तरी वर येऊ नका."

"आणि त्यानं काय होणार?" अण्णा म्हणाले.

"काही नाही झालं तर बबनच्या टेम्पोत मी स्वतः सामान चढवते."

मी झाकण बसवलं. काकूंनी रस्त्याची धूळ येते म्हणून खिडकी ओढून घेतली, सेटच्या मागची वायर, वात सरळ करावी तशी, सरळ केली, घडी मोडून कव्हर परत घातलं, बटणांपुढची झालर तेवढी वर खोचली आणि खाली गेल्या. त्यांचा पाय जिन्यावरून उतरेपर्यंत सगळी माडी हलत होती. अण्णांनी कॅसेट लावली. मी दाराशी भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसले.

गुरुजी वाजवायला लागले. मला गाण्यातलं काही कळत नाही, तेव्हाही कळत नव्हतं. पण आवाज दोन्हीकडून येतोय एवढं कळत होतं. मी तेवढंच धरून बसले. अण्णांनी डोळे मिटले होते. मांडीवरची त्यांची बोटं हलत होती. उन्हानं पत्रा कडकड वाजायचा. माझ्या मनात नाही नाही ते यायला लागलं. काहीच झालं नाही तर? मग ह्या माणसाला तिसऱ्यांदा सांगायचं, सेट चांगला आहे? त्यापेक्षा मास्तरांचा टेपरेकॉर्डर काय वाईट होता.

कॅसेटची पहिली बाजू संपत आली असेल. अण्णांची बोटं थांबली. त्यांनी डोळे उघडले नाहीत, डावा हात तेवढा वर गेला आणि कानाच्या पाळीवर येऊन थांबला. आपल्या लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

आणि मला कळलं की खोलीतला अर्धा आवाज गेलाय.

मी श्वास रोखला. नीट ऐकलं. पेटी वाजत होती, पण सगळी उजव्या अंगाला. डावीकडं नुसता पत्रा वाजत होता.

"अण्णा," मी हळूच म्हटलं, "हलू नका. मला पण ऐकू येत नाही."

त्यांनी मान वळवली. "काय?"

"डावा स्पीकर बंद आहे. मला पण ऐकू येत नाही."

"माझं समाधान करू नकोस पोरी."

"तुमचं समाधान करायला मी काय तुमची सून आहे? बंद आहे म्हणजे बंद आहे."

ते ताडकन उठले, स्पीकरकडं निघाले. दुसऱ्या पावलाला फळ्या दणाणल्या आणि डावीकडून पेटी पुन्हा भरभरून वाजायला लागली. अण्णा जागच्या जागी उभे राहिले. मग त्यांनी खाली फळीकडं बघितलं, स्पीकरकडं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं.

"रोज असंच व्हायचं," ते म्हणाले.

"होणारच. तुमच्या वजनानं माडी हलते, सेट हलतो. आत कुठंतरी जोड सुटलेला असणार, हलला की चिकटतो. काकू जिना चढून येतात तेव्हाही तेच. तुमच्या घरात तुम्ही दोघं जरा अंगानं कमी असतात तर हा बिघाड सहा महिन्यांपूर्वी सापडला असता."

पण अण्णा हसले नाहीत. ते परत खुर्चीत जाऊन बसले. "मालन, हे तू म्हणतेस म्हणून खरं असेल. पण माझ्या कानाला पटायला पाहिजे. उद्यापासून कानशी धरायची तर मला नुसत्या तुझ्या शब्दावर धरता येणार नाही."

त्यांचं बरोबर होतं. मी उठले, हळू पावलं टाकत सेटच्या मागं गेले आणि आवाज बारीक करून स्पीकरच्या वायरींची अदलाबदल केली. डावीची उजवीकडं, उजवीची डावीकडं.

"आता ऐका," मी म्हटलं. "कान खराब असेल तर तुमचा डावाच आवाज जाणार. सेट खराब असेल तर उजवा जायला पाहिजे."

अण्णांनी ते मनात दोनदा फिरवून बघितलं असावं. मग मान हलवली. मी कॅसेट उलटी करून लावली आणि परत दाराशी येऊन बसले.

ह्या खेपेला त्यांनी डोळे मिटले नाहीत. समोरच्या भिंतीकडं बघत बसले. मला आठवतंय, माझी नजर त्यांच्या हातांवर होती. कुठला हात उचलतोय एवढंच मला बघायचं होतं. देवाधर्माचं मला फारसं नाही, पण त्या माडीवर मी भगवंताला म्हटलं, ह्यांचा उजवा हात उचल.

डावा हात हलला. पण तो डोळ्यावरचा घाम पुसायला उचलला होता.

मग कितीतरी वेळ काहीच झालं नाही. पेटी कुठंतरी वर चढत गेली, तिथं थांबली, आणि उतरायला लागली तेव्हा एकाएकी अर्धीच उरली. अण्णांचा उजवा हात हळूहळू वर आला आणि उजव्या कानाशी थांबला.

"उजवा गेला," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

"उजवा गेला गं मालन. डाव्यानं ऐकू येतंय. सगळं ऐकू येतंय, गुरुजींचं नख पट्टीला लागतं ते सुद्धा." आणि एवढा मोठा माणूस खुर्चीत बसून ओंजळीत तोंड घालून रडायला लागला. मी बसल्या जागी पदरानं डोळे पुसले. बिघाड सापडल्यावर रडायची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ. त्यांच्या हुंदक्यांनी खुर्ची हलली आणि उजवीकडचा आवाज परत आला.

खालून काकूंची हाक आली, "काय झालं हो? येऊ का वर?"

"येऊ नकोस," अण्णा ओरडले. मग आवाज सावरून म्हणाले, "पन्हं कर. आणि कैरी चांगली बघून घे."

आता जोड शोधायचा होता. सेट बंद करून मी कव्हर काढायला हात घातला आणि चटकन मागं घेतला. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीएवढं तापलं होतं. उलटं करून बघितलं. वरून दोऱ्याची जाळी, पण आतून जाड जुनं लुगडं, दुपदरी करून, सगळीकडून टाके घालून नीट शिवलेलं. ॲम्प्लिफायरच्या झाकणाला वरून भोकं असतात, आतली गरमी जायला. त्या भोकांवर हे रोज दुपारी गोधडी पांघरून बसत होतं. वर पत्रा, बाहेर ऊन, खिडकी बंद. आत तापून तापून एका जोडाला चीर पडली होती. गार असला की जोड धरायचा, तापला की सोडायचा. माझ्या दुकानात पंख्याखाली, कव्हरावाचून तो कशाला सोडतोय?

"हे अस्तर कधी लावलं?" मी विचारलं.

अण्णा उठून जवळ आले. त्यांनी कव्हर हातात घेतलं, अस्तरावरून बोट फिरवलं. "दिवाळीला. जाळीतनं धूळ आत जाते म्हणून रात्री जागून शिवलं. तिच्या आईचं लुगडं आहे ते." "काखेत कळसा आणि गावाला वळसा," असं स्वतःशीच म्हणाले. मग जिन्याकडं बघून आवाज खाली आणला. "मालन, हे तिला सांगायचं नाही."

"का? सांगितलं नाही तर उद्या परत घालतील."

"त्याचं मी बघतो. पण सहा महिने तिनं माझ्यासाठी उपास केलेत. सोमवार, गुरुवार, शनिवार. हे आपल्याच हातानं झालं असं कळलं तर ती जेवायची नाही. तुझ्या तोंडाला आजच्या दिवस कुलूप घाल."

माझ्या तोंडाला कुलूप ही सोपी मागणी नव्हती. पण मी मान हलवली.

झाकण उघडल्यावर चीर सापडायला वेळ लागला नाही. डाव्या बाजूच्या एका पार्टच्या जाड तारेच्या पायाभोवती, सोल्डरवर, केसाएवढी काळी गोल रेघ होती. पिशवीतलं आयर्न तापवलं, जुनं सोल्डर काढलं, नवं भरलं. तेवढ्यात काकू पन्ह्याचे पेले घेऊन वर आल्या. नवऱ्याचे लाल डोळे त्यांना दिसले आणि हातातलं ताट कलंडता कलंडता राहिलं.

"काय झालं? सांगा की कुणीतरी."

"काही नाही," अण्णा म्हणाले. "कान चांगला आहे. सेटच खराब होता."

काकू मटकन खाटेवर बसल्या. मग माझ्याकडं वळल्या. "काय बिघडलं होतं?"

मी अण्णांकडं बघितलं.

"सोल्डर सुटलं होतं," अण्णा घाईनं म्हणाले. "जुना माल. त्याला कोण काय करणार. बरं, हे कव्हर मी खाली नेतो. माझ्या बैठकीच्या पेटीला घालायला काही नाही. इतकं चांगलं काम केलंस आणि इथं माडीवर कोण बघतंय? दुकानात राहील तर चार माणसं बघतील."

काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी कव्हर त्यांच्या हातातून घेतलं, झटकलं, छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "द्या, मीच घालते. तुम्ही वाकडं घालाल."

खाली गेल्यावर अण्णांनी पहिल्यांदा फडक्याची गाठ सोडली. कोपऱ्यातली पेटी पुढं ओढली, उघडली. मग कापसाचा एक बोळा घेऊन उजव्या कानात घट्ट कोंबला. मी आणि काकू दारात उभ्या होतो. अण्णांनी भाता ओढून एक पट्टी दाबली आणि तोंड वाकडं केलं. माझ्या कानाला ती बरी वाजत होती. त्यांनी पाती काढली, कानशीचा एक हलका हात फिरवला, बसवली, ऐकली. पुन्हा काढली. तीन-चार वेळा झालं आणि मग त्यांनी पट्टी दाबून तशीच धरली. सूर सरळ, काडीसारखा सरळ आला. ते डाव्या कानावर एकटेच तो ऐकत राहिले, भाता संपेपर्यंत.

"लाट गेली," ते म्हणाले. आणि मग कापूस न काढताच, बहिऱ्या माणसासारखं मोठ्यानं, "कौसल्या, आज पुरण घाल."

दुसऱ्या दिवशी लातूरचा बबन टेम्पो घेऊन आला. पुरणपोळी खाऊन रिकाम्या टेम्पोनं परत गेला. त्याच्याकडच्या दोन बिघडलेल्या पेट्या तेवढ्या अण्णांनी ठेवून घेतल्या.

त्या वर्षीच्या दिवाळीत काकू माझ्या दुकानात आल्या. चपला ह्या खेपेला एका जोडाच्या होत्या. पिशवीतून त्यांनी फराळाचा डबा काढला आणि डब्याखालून एक नवं कव्हर, निळ्या-पांढऱ्या दोऱ्याचं, माझ्या दुकानातल्या टेपच्या मापाचं.

"अस्तर नाही लावलं," काकू म्हणाल्या. "आणि टेप चालू असताना घालायचं नाही. बंद करायचा, गार होऊ द्यायचा, मग घालायचं."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. "काकू, तुम्हाला..."

"अगं, चुलीपुढं जन्म गेला माझा. तापलेलं कापड मला कळायचं नाही? पन्हं पिऊन झालं तरी ऊब होती त्याला. पेटीवर घालायला हातात घेतलं, तेव्हाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? दुसऱ्या दिवशी हे बाजारात गेले तेव्हा एकटी बसून रडले पोटभर. मग अस्तर उसवून टाकलं." त्यांनी डोळ्याला पदर लावला, पण हसतच होत्या. "अजून कुणी सेटचा विषय काढला की हे घाईघाईनं पाऊसपाण्याचं बोलायला लागतात. मला कळू नये म्हणून किती धडपड त्या माणसाची. तू त्यांना सांगू नको हं, मला कळलंय म्हणून. त्यांना वाईट वाटेल."

माझ्या तोंडाची गावात एवढी ख्याती, पण त्या नवरा-बायकोनं एकच गोष्ट मला दोन्ही बाजूंनी लपवायला सांगितली आणि दोघं होते तोवर मी ती लपवली. अण्णांनी पुढं सोळा-सतरा वर्षं पेट्या लावल्या. माझ्या टेपला आता कॅसेट मिळत नाही, तरी दुकान बंद करताना मी रोज त्याच्या झाकणावर हात ठेवून बघते आणि मगच कव्हर घालते.